दहा कार्बनची शेपटी

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी जरा वेगळंच अभ्यंगस्नान झालं. आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, उजवा हात खांद्यापासून कोपराच्या खालपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी. दंडातून आत एक बारीक नळी गेलेली होती आणि तिचं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत होतं. तिथे पाण्याचा थेंब लागता कामा नये, अशी नर्सची सक्त ताकीद होती. आप्पा मात्र उटणं आणि रिठ्यांवर अडून बसलेले. "साबण वर्षभर आहेच की. आज रिठे!" आईंनी साताऱ्याहून येताना रिठे बांधून आणलेच होते. मी ते उकळत ठेवले, नवऱ्याने तेल लावलं आणि आमच्या सात वर्षांच्या लेकीने बाथरूमच्या दाराशी उभं राहून पिशवीवर पहारा केला.

रिठे चोळताना फेस आला आणि मला हसू फुटलं. कारण गेले पाच आठवडे मी ज्या औषधाबद्दल वाचत होते, त्याची आणि या फेसाची जातकुळी फार लांबची नव्हती. हा लेख त्या औषधाबद्दल आहे. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच नाही. मी एम.ए. मराठी. लग्नाआधी शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवायचे. इथे इंडियानाला आल्यापासून घर सांभाळते. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला होता. पण घरातलं माणूस आजारी पडलं की आपण कुठल्या कुठे पोचतो, हे आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. शिवाय दरवर्षी आपल्यापैकी कितीतरी जणांचे आई-वडील गोळ्यांचे डबे घेऊन सहा-सहा महिन्यांसाठी इथे येतात, म्हणूनही हे लिहावंसं वाटलं.

एका फोडाची गोष्ट

आप्पा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीला दहा वर्षं झाली, पण वेळापत्रक काही सुटलं नाही. इथे आल्यावर रोज सकाळी नवे बूट घालून फिरायला जायचे. बुटाने टाचेला फोड आला. मधुमेहामुळे पायाची संवेदना आधीच बोथट, त्यामुळे ना त्यांना कळलं, ना त्यांनी सांगितलं. सप्टेंबरच्या मध्यावर एका रात्री त्यांना थंडी वाजून ताप भरला, तेव्हा आईंनी मोजा काढून पाहिला. आपत्कालीन विभागात नेलं. दुसऱ्या दिवशी रक्ताच्या तपासणीत जंतू सापडले. स्टॅफिलोकोकस ऑरियस, आणि त्यातला नेहमीच्या औषधांना दाद न देणारा प्रकार, ज्याला इथे सगळे एमआरएसए म्हणतात.

सुरुवातीला व्हॅन्कोमायसिन दिलं. ताप उतरला, पण काही दिवसांत क्रिएटिनिन वर जाऊ लागलं, म्हणजे मूत्रपिंडांना औषध झेपेना. मग संसर्गरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. नवं औषध डॅप्टोमायसिन. दिवसातून एकदा, सहा आठवडे, शिरेतून. त्यासाठी दंडात नळी बसवून आप्पांना घरी सोडलं. नर्स आठवड्यातून एकदा येणार, ड्रेसिंग बदलणार, रक्त घेणार. बाकी रोजचं काम घरच्यांनी करायचं. (इन्शुरन्सची कहाणी वेगळी आहे, ती पुढच्या दिवाळी अंकासाठी राखून ठेवते.)

आमच्या फ्रीजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी औषधाच्या पिशव्या आल्या. हात धुवायचे, नळीचं टोक स्पिरिटने पुसायचं, आधी मिठाचं पाणी, मग औषध, मग पुन्हा मिठाचं पाणी. सकाळी आठला. आप्पा पावणेआठलाच खुर्चीत येऊन बसायचे आणि जाहीर करायचे, "आठची गाडी फलाटाला लागलेली आहे."

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला होता. त्यावर ठळक लिहिलं होतं: दर आठवड्याला सीपीके. हा स्नायूंमधला एक पदार्थ. स्नायूंना इजा झाली की तो रक्तात उतरतो. मी विचारलं, जंतू मारायच्या औषधाचा स्नायूंशी काय संबंध? त्या म्हणाल्या, "जो भाग जंतूला मारतो, तोच आपल्यालाही त्रास देऊ शकतो." त्यांना घाई होती, वाक्य तिथेच संपलं. मी मात्र त्या वाक्याच्या मागे लागले.

फेस आणि पडदा

पुन्हा रिठ्याकडे येऊ. रिठ्याला फेस का येतो? त्यातल्या रेणूचं एक अंग पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. म्हणून तो अंगावरचं तेल पकडतो आणि पाण्याबरोबर वाहून नेतो. प्रत्येक सजीव पेशीभोवतीचा पडदासुद्धा मुळात स्निग्ध पदार्थाचा, तेलकटच असतो. त्यामुळे असा दुहेरी स्वभावाचा रेणू पेशीच्या पडद्यात घुसू शकतो आणि त्याला भोकं पाडू शकतो. परीक्षानळीत रिठ्याचा अर्क रक्तात मिसळला, तर तांबड्या पेशी फुटतात. आपण त्याने खुशाल न्हातो, कारण त्वचेच्या वरच्या मृत थराचं चिलखत आपल्या अंगावर असतं.

लिपोपेप्टाइड नावाची औषधं याच दुहेरी स्वभावाची. 'पेप्टाइड' म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, 'लिपो' म्हणजे स्निग्ध. साखळीला जोडलेली कार्बन अणूंची एक तेलकट शेपटी, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. शेपटी जंतूच्या पडद्यात रुतते आणि पडदा खिळखिळा होतो. पण पडदा आपल्याही पेशींना आहे. मग औषधाने शत्रू ओळखायचा कसा?

सुदैवाने दोन्ही पडदे अगदी सारखे नाहीत. जंतूंच्या पडद्यावर ऋण विद्युतभार जास्त असतो. आपल्या पेशींची बाहेरची बाजू बहुतांशी भाररहित असते आणि तिच्यात कोलेस्टेरॉलही असतं. म्हणून या जातीच्या बऱ्याच रेणूंच्या साखळीवर धन भार असतो, तो त्यांना जंतूकडे ओढून नेतो. डॅप्टोमायसिनची तऱ्हा थोडी निराळी. त्याला रक्तातल्या कॅल्शियमचा हात धरावा लागतो, मग ते जंतूच्या पडद्याला चिकटतं. साखळी पत्ता शोधते आणि शेपटी आत घुसते. शेपटी फार लांब, फार तेलकट झाली की मात्र ती पत्त्याची पर्वा करेनाशी होते आणि भेटेल त्या पडद्यात शिरते.

मग शेपटीच कापून टाकली तर? हाही प्रयोग झालेला आहे. १९४७ साली शोध लागलेलं पॉलिमिक्सिन याच जातीचं औषध. जंतूंवर जालीम, पण मूत्रपिंडांवरही भारी. फिनलंडमधल्या मार्टी व्हारा यांनी १९८३ मध्ये शेपटी कापलेल्या पॉलिमिक्सिनचे गुण प्रसिद्ध केले. विषारीपणा जवळजवळ गेला होता, पण जंतू मारण्याची ताकदही गेली होती. जंतूचं बाहेरचं आवरण ते सैल करायचं, म्हणजे दुसऱ्या औषधाला वाट मिळायची, पण स्वतः मारायचं नाही. नांगी काढलेल्या विंचवासारखी गत.

इथूनच पाच कोसांवर

वाचता वाचता एका रात्री मी ताडकन उठून बसले. आप्पांच्या हातात जाणारं हे औषध आपल्याच गावात, इंडियानापोलिसमध्ये, जन्माला आलेलं होतं. डाउनटाउनच्या दक्षिणेला एली लिलीचं ते प्रचंड आवार आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आपल्यातले काही जण तिथे नोकरीलाही असतील.

तुर्कस्तानातल्या अरारात पर्वताच्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस रोझिओस्पोरस हा सूक्ष्मजीव सापडला. तो जे रसायन बनवत होता, त्यावर लिलीच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास काम सुरू केलं. (मातीतून औषध म्हटल्यावर मला आपलं पिंपरी आठवलं. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने तिथल्याच मातीतल्या जिवापासून बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं होतं.) अराराताच्या मातीतल्या जिवाने बनवलेल्या रेणूला तेरा अमिनो आम्लांचं अंग होतं आणि ११, १२ किंवा १३ कार्बनची शेपटी. जंतू मरत होते, पण उंदरांना विष बाधत होतं.

मग शास्त्रज्ञांनी जे केलं, ते मला आपल्या शिवणकामासारखं वाटतं. दुसऱ्या एका सूक्ष्मजीवाच्या विकराने, म्हणजे एन्झाइमने, मूळ शेपटी उसवली आणि प्रयोगशाळेत बनवलेल्या वेगवेगळ्या लांबीच्या शेपट्या एकेक करून जोडून पाहिल्या. शेपटी वाढली की साधारणपणे मारा वाढे आणि विषारीपणाही वाढे. फार आखूड केली की दोन्ही घटत. शेवटी १० कार्बनची सरळ शेपटी पसंत पडली. तिच्यात जंतू मारायचा जोर पुरेसा होता आणि उंदरांना ती बरीच सोसत होती. तेच डॅप्टोमायसिन. एखाद-दुसऱ्या कार्बनचा फरक, म्हणजे डोळ्याला कधीच दिसणार नाही इतकी लांबी, आणि त्यावर औषध की विष हे ठरत होतं.

पण गोष्ट इथे संपली नाही. माणसांवरच्या चाचण्यांमध्ये, विशेषतः हृदयाच्या झडपेसारख्या खोल संसर्गासाठी, मात्रा वाढवावी लागली. वजनाच्या दर किलोमागे ४ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, असं देऊन पाहिलं तेव्हा काही निरोगी स्वयंसेवकांचे स्नायू दुखू लागले, हातापायांतला जोर गेला, सीपीके चढलं. औषध थांबवल्यावर ते बरे झाले, पण लिलीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम गुंडाळलं.

१९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्युबिस्ट नावाच्या छोट्या कंपनीने ते विकसित करण्याचे हक्क घेतले. तिथले डॉक्टर फ्रँक टॅली या औषधाच्या मागे ठाम उभे होते. त्यांच्या चमूने रेणूला हात लावला नाही. त्यांनी वेळापत्रकाला हात घातला. कुत्र्यांवरच्या प्रयोगात एका गटाला किलोमागे २५ मिलिग्रॅम दर आठ तासांनी दिले, म्हणजे दिवसाचे ७५. दुसऱ्या गटाला तेच ७५ एकदम दिले. आपल्याला वाटेल, एकदम दिलेला डोस जास्त घातक. झालं उलटं. तीनदा विभागून दिलेल्या गटाच्या स्नायूंना जास्त इजा झाली.

त्यामागचं कारण कळायला सोपं आहे. जंतू मरतात ते औषधाचं प्रमाण एकदा उंच गेल्यामुळे. स्नायू दुखावतात ते पुन्हा पुन्हा मारा होऊन सावरायला उसंत न मिळाल्यामुळे. दिवसातून एकदाच दिलं की मधल्या तासांत स्नायूंच्या पेशी आपली डागडुजी करून घेतात. दिलेलं औषध तेच, दिवसाचं एकूण मापही तेच, फक्त मधलं अंतर वाढलं. २००२ मध्ये शेजारच्या मिशिगनमध्ये व्हॅन्कोमायसिनला अजिबात दाद न देणारा स्टॅफिलोकोकस या देशात पहिल्यांदा सापडला आणि अशा औषधाची निकड सगळ्यांना पटली. सप्टेंबर २००३ मध्ये त्वचेच्या गंभीर संसर्गासाठी डॅप्टोमायसिनला मान्यता मिळाली. २००६ मध्ये रक्तातल्या स्टॅफिलोकोकससाठी, किलोमागे ६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. शेपटीचं त्यांनी सोडून दिलं, वेळापत्रक मात्र लगेच पटलं. "बरोबरच आहे. दोन गाड्यांमध्ये अंतर ठेवलं नाही तर रस्त्यालाच दम लागतो."

तिसरा आठवडा

पहिल्या आठवड्यात आप्पांचं सीपीके ११० आलं, दुसऱ्यात १५०. दोनशेच्या आत म्हणजे ठीक. मी निवांत झाले. तिसऱ्या आठवड्यात आप्पा जिना चढताना मध्येच थांबले. "मांड्या भरून आल्यात," म्हणाले. मी म्हटलं, फिरणं जास्त झालं असेल. दुसऱ्या दिवशी तपासणीचा आकडा आला ७८०.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दुखत असेल आणि आकडा हजाराच्या पुढे गेला, तर हे औषध बंद. दुखत नसेल तर दोन हजारांपर्यंत थांबता येतं. आप्पांचं दुखत होतं आणि आकडा हजाराकडे निघाला होता. बंद करावं तर व्हॅन्कोमायसिनने मूत्रपिंडं आधीच दुखावलेली. चालू ठेवावं तर स्नायू. रक्तातले जंतू अर्धवट मारून सोडावेत, हा पर्याय तर नव्हताच. नवरा आणि मी स्वयंपाकघरात उभे होतो आणि बोलायला काही सुचत नव्हतं. इतके दिवस मी जे कागदावर वाचत होते, ते आता आमच्या ओट्यापाशी येऊन उभं राहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ते आणखी कुठल्या गोळ्या घेतात?" मी यादी वाचून दाखवली. कोलेस्टेरॉलची गोळी आम्ही पहिल्याच दिवशी थांबवली होती, कारण त्या जातीच्या गोळ्यांनीही कधीकधी स्नायू दुखतात आणि दोन्ही एकत्र नकोत, असं त्यांनी बजावलं होतं. "नक्की थांबवली?" "नक्की."

फोन ठेवला तेव्हा आई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि आप्पांचा साताऱ्याहून आणलेला डबा घेऊन आल्या. सोमवार ते रविवार असे कप्पे. त्यात ती छोटी पांढरी गोळी रोजच्या रोज जागच्या जागी. आप्पा खाली बघत म्हणाले, "तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही झालं तरी ही सोडायची नाही. तू रागावशील म्हणून बोललो नाही."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण नंतर वाटलं, चूक माझीही होती. इथली यादी मी इंग्रजीत लिहून फ्रीजवर लावली होती. त्यांना शेजारी बसवून 'ही का थांबवायची' हे मराठीत समजावून सांगितलं नव्हतं. वर्गात मी कुठल्याही मुलाला कारण सांगितल्याशिवाय नियम दिला नसता. घरातल्या मोठ्या माणसाला मात्र दिला.

डॉक्टरीणबाईंना लगेच कळवलं. त्या रागावल्या नाहीत. गोळी बंद, औषध त्याच मात्रेत चालू, तीन दिवसांनी पुन्हा तपासणी. त्या तीन दिवसांत आठची गाडी लागायची, पण तिची घोषणा होत नव्हती. आकडा आला ४२०. पुढच्या आठवड्यात १६०. मांड्याही हलक्या झाल्या. त्या गोळीमुळेच आकडा चढला होता असं डॉक्टरीणबाईंनी छातीठोकपणे सांगितलं नाही. "ओझी दोन होती, एक उतरवलं," इतकंच म्हणाल्या.

पुढची वाट

आज कितीतरी प्रयोगशाळांमध्ये पूर्णपणे कृत्रिम लिपोपेप्टाइड बनवण्याचं काम चालू आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत येखिएल शाय यांच्या गटाने २००६ मध्ये फक्त चार अमिनो आम्लं आणि एक स्निग्ध शेपटी एवढ्याच सामग्रीतून जंतू आणि बुरशी मारणारे रेणू बनवून दाखवले. लहान रेणू बनवायला सोपा आणि स्वस्त. पण प्रत्येक नव्या रेणूला दोन परीक्षा द्याव्याच लागतात. एका नळीत जंतू, दुसऱ्या नळीत माणसाच्या तांबड्या पेशी. पहिल्या नळीतले जंतू थांबले पाहिजेत आणि दुसऱ्या नळीतलं वरचं पाणी लाल होता कामा नये. किती मात्रेला जंतू थांबतात आणि किती मात्रेला तांबड्या पेशी फुटतात, या दोन आकड्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितका रेणू आशेचा. आणि हे अंतर नळीत दिसलं तरी माणसात तेवढंच राहील असं नाही. डॅप्टोमायसिनने ते दाखवून दिलेलंच आहे.

तिकडे जुन्या औषधांची धार जपणंही चालू आहे. मूत्रपिंडांना बाधतं म्हणून मागे सारलेलं, पॉलिमिक्सिनच्याच कुटुंबातलं कोलिस्टिन आज भारतातल्या अतिदक्षता विभागांत शेवटचा आधार म्हणून वापरलं जातं. २०१५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांना एक जनुक सापडलं, जे जंतूच्या पृष्ठभागावरचा ऋण भारच कमी करतं, म्हणजे औषधाला पत्ता सापडेनासा होतो. आणि हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून त्यांच्या खाद्यातही कोलिस्टिन घालत असत. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांमध्ये त्याचा वापर बंद केला. इतक्या जोखमीचं औषध कोंबडीच्या खाद्यात जात होतं, हे वाचून मी आप्पांच्या पिशवीकडे जरा आदराने पाहू लागले.

भाऊबीजेनंतर चार दिवसांनी शेवटचा डोस झाला. रक्त स्वच्छ होतं. नर्सने नळी काढली, आप्पांनी हात वर करून पाहिला आणि आत जाऊन गोळ्यांचा डबा घेऊन आले. माझ्यासमोर ठेवला. "आता एकेक गोळी मला समजावून सांग. मराठीत."

आम्ही दोघं तासभर बसलो. कुठली कशासाठी, कुठली कशाबरोबर चालत नाही, कोलेस्टेरॉलची पुन्हा कधीपासून घ्यायची. मी प्रत्येक कप्प्यावर देवनागरीत चिठ्ठी लावली. डिसेंबरात ते साताऱ्याला परतले. यंदा फोनवर विचारलं, अभ्यंगस्नानाची तयारी झाली का? म्हणाले, "रिठे भिजत घातलेत. आणि डबा भरलाय, तुझ्या यादीप्रमाणे."